कुलधराचं भूत राहू द्या, खडीन बघा

डिसेंबर आला की आपल्याकडच्या सहली जैसलमेरला निघतात आणि तिथल्या कुलधरा या ओसाड गावाच्या रील्सचा पूर येतो. पडकी घरं, शाप, एका रात्रीत ओस पडलेलं गाव. दिवाण सालिमसिंहाच्या जाचाला कंटाळून लोक गाव सोडून गेले, ही गोष्ट लोककथा आहे. तिच्या नादात खरा प्रश्न राहूनच जातो: वर्षाला जेमतेम १५-२० सेंटीमीटर पावसात इथले पालीवाल ब्राह्मण गहू पिकवायचे, ते कशाच्या जोरावर?

खडिनाच्या. खडीन म्हणजे कातळावरून वाहून येणारं पावसाचं पाणी बांधाने अडवून मुरवलेलं शेत. १५ व्या शतकापासून ही पद्धत त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. जागा हेरण्यातच अर्धं काम होतं. वर उघडा, उताराचा कातळ हवा आणि खाली खोल मातीचा सखल तुकडा. एक हेक्टर शेताला साधारण १२ ते १५ हेक्टर कातळ. हिशोब करून बघा: १५ सेंटीमीटर पावसातला तिसरा हिस्सा जरी वाहून आला, तरी १५ हेक्टरांचं पाणी एका हेक्टरात ७५ सेंटीमीटर भरतं!

शेताच्या खालच्या कडेला दीड ते साडेतीन मीटर उंच मातीचा बांध. त्याला दगडी सांडवा हवाच. तो नसेल किंवा गाळाने भरला असेल, तर एका जोरदार पावसात पाणी माथ्यावरून जातं, बांध फुटतो आणि वर्षानुवर्षांचा गाळही सोबत जातो.

पावसाळ्यात पाणी तुंबू द्यायचं, मुरू द्यायचं. ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत उरलंच तर तळाच्या मोरीतून काढायचं. मग वाफशाची, म्हणजे माती पेरणीजोगी होण्याची, वाट बघायची. मुठीत दाबलेला मातीचा गोळा बोटाने टोचल्यावर फुटला पाहिजे. चिकटून राहिला तर घाई करू नये. त्यानंतर गहू, हरभरा पेरायचा. वरून एकही पाणी नाही, सगळं पीक जमिनीतल्या ओलीवर.

मला सर्वात थोर वाटते ती क्षारांची व्यवस्था. वाळवंटात बाष्पीभवनाने मीठ वर येतं आणि जमीन नासते. इथे साचलेलं पाणी ते खाली ढकलतं आणि पाझराबरोबर बांधापलीकडे नेतं. कालव्याच्या पाण्याने खारावलेल्या जमिनी पाहिल्या की याची किंमत कळते.

आज खडीन मरतं ते वरून. कातळावर रस्ता किंवा खाण आली की पाणी वळतं आणि धडधाकट बांध कोरडा राहतो. म्हणून कातळाची जमीन पडीक समजून कुणालाही देऊन टाकणं थांबलं पाहिजे.

जैसलमेर भागात अजूनही खडिनं पेरली जातात. जानेवारीत गेलात तर हिरवा गहू दिसेल. बांधावर मात्र चढू नका, पायवाट पडली की पुढच्या पावसात पाणी तिथूनच माती कापतं.