सांडपाण्याचा सर्व्हे? सोप्पंय हो!

गावातल्या सांडपाण्याचा सर्व्हे करून घ्यायचाय? मग सगळ्यात आधी ट्रेनिंगसाठी अंधेरीत हॉल बुक करा. मोखाड्याच्या पोरांना पहाटे उठवा, जीपने कसारा, तिथून लोकल, दादरला बदला, परत लोकल. ती घामेजून पोचेपर्यंत दीपप्रज्वलन उरकलेलं पाहिजे. (मी जोगेश्वरीचा, रिक्षाने गेलो. दारातलं गटार तुंबलेलं, नाकाला रुमाल लावून आत शिरलो तर पहिलीच स्लाइड 'सांडपाण्याचे शास्त्रीय व्यवस्थापन'. असो.)

बादली, घड्याळ, फावडं असलं काही आणू नका. जमिनीत पाणी किती वेळात मुरतं ते खड्डा खणून, पाणी ओतून बघायचं असतं, पण हॉलच्या कार्पेटवर कुठे खणणार? त्यापेक्षा टाळ्यांचे खेळ घ्या.

फॉर्म इंग्रजीत बनवा आणि मराठी फोनकडून करून घ्या. ग्रे वॉटर म्हणजे राखाडी पाणी, ब्लॅक वॉटर म्हणजे काळे पाणी. मग गावात जाऊन ऐंशीच्या आजीला विचारा, "आजी, तुमच्या घरचं काळे पाणी कुठे जाते?" आमच्या आजी म्हणाल्या, "आमच्यातला कोणी नाय गेला बाबा काळ्या पाण्यावर." मोरीचं पाणी आणि संडासचं पाणी, एवढं लिहायला पैसे पडत होते का?

ग्रामसेवकाला आदल्या रात्रीच कळवा.

रेंज नसलेल्या पाड्यावर जिओटॅग फोटो कंपल्सरी ठेवा.

आणि सर्व्हे मे महिन्यातच घ्या, टँकर चालू असताना. कारण सर्व्हेचं ॲप हुशार आहे, त्याला पाणी बघायची गरजच नाही. घरात माणसं ५ टाकली की ते ५५ ने गुणतं, कारण जल जीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरलंय, झाले २७५, त्यातलं ७० टक्के सांडपाणी, म्हणजे १९२.५ लिटर. वर अर्धा लिटरसुद्धा सोडला नाही बघा! आता आजींच्या घरात आदल्या दिवशी आले होते सहा हंडे, हंडा १५ लिटरचा धरा, ९० लिटर. नव्वद आत आणि एकशे ब्याण्णव बाहेर, ही मोरी आहे की झरा? मी खरा आकडा टाकला तर लाल अक्षरात 'अवैध मूल्य'. वर फोन केला तर "सर, ॲडजस्ट करा ना." बरं, जे काही थोडं निघतं तेही आजी सोडत नाहीत, भांडी केळीच्या आळ्यात घासतात, तांदळाचं धुवण शेळीला. फॉर्ममध्ये पर्याय तीन: शोषखड्डा, नाली, उघड्यावर. केळ नाहीच. मग काय, उघड्यावर! जी बाई थेंब वाया घालवत नाही ती कागदावर घाण करणारी ठरली आणि तिच्या दारात शोषखड्डा सुचवला गेला, तोही जिथे हातभर खाली कातळ आहे तिथे. पावसात तो भरून राहणार आणि त्यात डास पोसले जाणार, पण गाव मात्र सरकारी स्वच्छतेच्या श्रेणीत 'उदयोन्मुख'वरून 'उज्ज्वल' होणार.

आता सरळच बोलतो. लाज वाटत नाही का हो? पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपयांपर्यंत धरलेत. आजींच्या अख्ख्या घराचे १४००. तुमच्या त्या बुफेची एक प्लेट केवढ्याला पडली ते बिलावर बघा जरा. एवढ्याशा पैशात नाली काढायची की परसबाग की खड्डा, हे तुम्ही त्या खोट्या १९२.५ वर ठरवणार? ट्रेनिंग पाड्यावर घ्या. मोरीपाशी उकिडवे बसा, बादलीने मोजा, ऑगस्टमध्ये परत जाऊन पुन्हा मोजा. आणि तोवर रात्री अकराला ग्रुपवर 'डेटा पेंडिंग, अर्जंट' टाकणं बंद करा, मी तो आकडा भरणार नाहीये.