सत्ताविसावं मत

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळात दोन सभागृहं आहेत. वरच्या, म्हणजे सिनेटमध्ये 40 जागा आहेत. साधं बहुमत 21 चं, दोन-तृतीयांश 27 चं. खालच्या, म्हणजे असेंब्लीत 80 जागा, तिथे हेच आकडे 41 आणि 54. राज्याचं बजेट कित्येक वर्षं या आकड्यांच्या मधल्या फटीत अडकत राहिलं. तरीही "बजेटला जास्त मतांची अट घाला, म्हणजे उधळपट्टी थांबेल" असं म्हणणारे आजही भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. अशा अटीने खर्च थांबत नाही, फक्त शेवटच्या दोन-तीन मतांचा भाव चढतो. आणि तो चुकवला जातो सरकारी तिजोरीतूनच.

बजेटला दोन-तृतीयांश मतं हवीत ही अट 1933 मध्ये, मंदीच्या काळात आली. तेव्हा ती खर्च ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त वाढला तरच लागू व्हायची, 1962 मध्ये सरसकट झाली. मग जून 1978 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 13 (प्रपोझिशन म्हणजे थेट मतदारांपुढे मतदानाला ठेवलेला प्रस्ताव) मंजूर केलं. लोकांना ते मालमत्ता करावरच्या 1 टक्का मर्यादेमुळे आठवतं. पण राज्याचा कोणताही कर वाढवायला दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मतं हवीत, हे कलमही त्यातच होतं. म्हणजे खर्चाला कुलूप, उत्पन्नालाही कुलूप आणि दोन्ही किल्ल्या निवडणूक हरलेल्या पक्षाच्या खिशात!

वेळापत्रक कागदावर छान आहे. गव्हर्नरांनी 10 जानेवारीपर्यंत बजेट मांडायचं, मेच्या मध्यावर सुधारित आकडे द्यायचे, विधिमंडळाने 15 जूनपर्यंत मंजुरी द्यायची आणि 1 जुलैला आर्थिक वर्ष सुरू. प्रत्यक्षात 2008 मध्ये सही झाली 23 सप्टेंबरला आणि 2010 मध्ये थेट 8 ऑक्टोबरला.

फेब्रुवारी 2009 मध्ये काय झालं ते नीट बघा. मंदीमुळे तिजोरीला भगदाड पडलं होतं. सिनेटमध्ये बहुमतातल्या डेमोक्रॅट्सना तीन रिपब्लिकन मतं मिळाल्याशिवाय 27 चा आकडा गाठता येत नव्हता. सदस्यांना रात्रभर सभागृहात बसवून ठेवलं. त्यातच रिपब्लिकनांनी तडजोडीला तयार झालेले आपले गटनेते डेव्ह कॉगडिल यांना पदावरून काढलं. शेवटचं मत रिपब्लिकन सिनेटर एबल माल्डोनाडो यांचं होतं. त्यांच्या अटी काय, तर पेट्रोलवरची 12 सेंटची करवाढ काढा, तुटीच्या वर्षात आमदारांना पगारवाढ नको आणि सर्व पक्षांची एकत्र प्राथमिक निवडणूक (अंतिम लढतीचे उमेदवार ठरवणारी फेरी) घेण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे ठेवा. तिन्ही मान्य झाल्या आणि 19 तारखेच्या पहाटे बजेट सुटलं. निवडणूक पद्धत बदलावी की नाही हा चांगला वादाचा विषय आहे, पण बजेटशी त्याचा संबंध काय? मी माल्डोनाडोंना दोष देत नाही. नियमच असा होता की सत्ताविसाव्या माणसाने मागावं आणि बाकीच्यांनी द्यावं.

एवढं करूनही ते आकडे टिकले नाहीत. उन्हाळ्यात तूट पुन्हा वाढली, दुरुस्तीवर एकमत होईना आणि 2 जुलैपासून राज्याची देणी चुकती करणारे कंट्रोलर जॉन चँग यांच्या कार्यालयाने चेकऐवजी 'रजिस्टर्ड वॉरंट' द्यायला सुरुवात केली. म्हणजे सरकारी उधारीची चिठ्ठी, वर्षाला 3.75 टक्के व्याज, पैसे नंतर. शाळांचा निधी आणि कर्जाचे हप्ते यांना राज्यघटनेचं कवच आहे, त्यामुळे ते रोखीत गेले. चिठ्ठ्या आल्या कर-परताव्याची वाट बघणाऱ्यांच्या आणि राज्याला माल पुरवणाऱ्या छोट्या व्यावसायिकांच्या हातात. मोठ्या बँकांनी आठवडाभरातच त्या घेणं बंद केलं. ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता त्यांनीच सरकारला उधार द्यायचं, याची मला अजूनही चीड येते.

नोव्हेंबर 2010 मध्ये मतदारांनी प्रपोझिशन 25 मंजूर करून बजेटसाठी साधं बहुमत आणलं. शिवाय 15 जूनची तारीख चुकली की आमदारांचा त्या दिवसांचा पगार आणि भत्ता कायमचा बुडणार. तेव्हापासून बजेट वेळेवर येतं. मात्र त्याच मतपत्रिकेवर प्रपोझिशन 26 ही मंजूर झालं आणि दोन-तृतीयांशच्या कक्षेत अनेक शुल्कंही आली. करासाठीची जुनी अट तर होतीच. त्याचा परिणाम एप्रिल 2017 मध्ये दिसला. रस्तेदुरुस्तीसाठी इंधन कर वाढवणारं विधेयक सिनेटमध्ये नेमक्या 27 आणि असेंब्लीत नेमक्या 54 मतांनी पास झालं. सिनेटमधलं एकमेव रिपब्लिकन मत अँथनी कॅनेला यांचं. त्या वाटाघाटीत त्यांच्या भागातल्या मर्सेडपर्यंत रेल्वे वाढवायला 40 कोटी डॉलर ठरले. रेल्वे गरजेची असेलही, पण ती अशा पद्धतीने का ठरावी?

आपल्या विधानसभेत धनविधेयकाला हजर राहून मतदान करणाऱ्यांचं साधं बहुमत पुरतं, विधान परिषद ते चौदा दिवसांपेक्षा जास्त अडवू शकत नाही, उशीर झालाच तर लेखानुदान, म्हणजे काही महिन्यांच्या खर्चाची तात्पुरती मंजुरी आहे. बजेट पडलं तर सरकार जातं, त्यामुळे जबाबदार कोण हे शेंबड्या पोरालाही कळतं. कॅलिफोर्नियात दोन्ही पक्ष एकमेकांकडे बोट दाखवत आणि मतदाराला कुणाला धरावं तेच कळत नसे. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: करवाढीलाही साधं बहुमतच असावं. वाढवणाऱ्यांनी उघडपणे वाढवावं आणि पुढच्या निवडणुकीत त्याचा हिशेब द्यावा.

ज्यांना दोन-तृतीयांशही कमी वाटतं त्यांनी अमेरिकेतलंच ओक्लाहोमा राज्य बघावं. तिथे 1992 पासून करवाढीला तीन-चतुर्थांश मतं लागतात, म्हणजे 101 च्या सभागृहात 76. नोव्हेंबर 2017 मध्ये करवाढीचं विधेयक आलं. बाजूने 71, विरोधात 27, आणि विधेयक पडलं. मार्च 2018 मध्ये शिक्षकांनी संपाची तारीख जाहीर केल्यावर कुठे सिगारेट, इंधन आणि तेल-वायू उत्पादनावरचा कर वाढला, तोही सिनेटमध्ये लागणाऱ्या बरोबर 36 मतांनी. पगारवाढ मिळाली, तरी 2 एप्रिलला शिक्षक रस्त्यावर उतरलेच. वर्षानुवर्षं कापलेला शाळांचा निधी आणि वर्गातली फाटकी पुस्तकं एका विधेयकाने भरून निघणार नव्हती.