बंबात पाइप जाळू नका: ‘प्लास्टिक म्हणजे तेलच’ या मेसेजला उत्तर

‘प्लास्टिक म्हणजे घट्ट झालेलं कच्चं तेलच. ते बंबात जाळा, गॅस वाचवा. धूर वर जाऊन विरतो, कार्बन डायऑक्साइड झाडं खातात. सिमेंटचे कारखानेसुद्धा प्लास्टिक जाळतात. ज्वाळा हिरवी दिसली की जळण पूर्ण झालं समजा.’ हा मेसेज कोल्हापुरात या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. शिवाजी पेठेतल्या माझ्या आत्तीपर्यंत तो पोचला आणि नळाच्या कामातून उरलेले पीव्हीसी पाइपचे तुकडे तिनं बंबात घालायला सुरुवात केली. म्हणून हे लिहायला बसलो.

तेलाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढं मान्य करावं लागतं. दुधाची पिशवी पॉलिथिनची असते. रॉकेल काय, पॉलिथिन काय, दोन्ही कार्बन-हायड्रोजनच्या साखळ्या. रॉकेलच्या साखळीत साधारण १० ते १६ कार्बन, पॉलिथिनच्या साखळीत हजारो. किलोमागे उष्णताही जवळपास सारखीच. पण स्टोव्हमध्ये रॉकेलची आधी वाफ होते, ती हवेत मिसळते आणि मग जळते. पिशवी वितळून निखाऱ्यांवर गोळा होऊन बसते, आत हवा पोचत नाही, आणि काजळी नि कार्बन मोनॉक्साइड निघतो. न्हाणीचं दार लावून बंब पेटवणाऱ्यांनो, या वायूला वास नसतो. जीव जातो.

आता ती हिरवी ज्वाळा. हे वाचून माझं डोकंच फिरलं. तांब्याची तार तापवून प्लास्टिकला लावायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीनसारखं हॅलोजन आहे, असं ओळखतात. ही बाइलस्टाइन चाचणी रसायनशास्त्रात १८७२ पासून आहे. म्हणजे ज्या खुणेवर हात काढून घ्यायचा, तीच खूण हा मेसेज शाबासकी म्हणून सांगतो! पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन असतो आणि तो तेलातून नव्हे, मिठापासून येतो. निम्म्याहून जास्त पाइप तेलाचा नाहीच.

पीव्हीसी तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. डोळ्यातल्या, घशातल्या ओलाव्यात तो विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. याहून वाईट डायॉक्सिन. क्लोरीन असलेला धूर साधारण २०० ते ४५० अंशांच्या दरम्यान थंड होत असताना काजळीच्या कणांवर ही विषं तयार होतात, आणि तांबं या क्रियेला वेग देतं. आपला बंब कशाचा असतो? तांब्याचा. धुराच्या नळीभोवती पाणी, म्हणजे धूर गार करायचीही सोय. अशा विषांवरचा स्टॉकहोम करार २००१ मध्ये झाला, भारतानं तो २००६ मध्ये स्वीकारला. डायॉक्सिन कुठून निघतात याच्या त्यातल्या यादीत उघड्यावर कचरा जाळणं आहे, घरगुती जळण आहे, आणि धुमसणाऱ्या तांब्याच्या केबलही आहेत. डायॉक्सिनमधलं सर्वांत जहाल संयुग माणसात कर्करोग घडवतं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९९७ मध्येच ठरवलंय. आत्तीच्या घरात लहान पोरं आहेत.

सिमेंटच्या भट्टीत माल १४५० अंशांना भाजतो, ज्वाळा त्याहून तापलेली असते आणि चुना आम्लवायू शोषून घेतो. बंबाशी त्याची बरोबरी कसली करता?

धूर वर जाऊन विरतो म्हणे. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, मग धूर वर चढतच नाही. पेठेतल्या बोळात भिंतीला भिंत लागलेली, तो शेजाऱ्याच्या खिडकीत शिरतो. झाडं कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण काजळी आणि डायॉक्सिन पचवत नाहीत.

राखेचं मात्र कुणीच बोलत नाही. बंबाची राख आपल्याकडे भांडी घासायला घेतात, कढीपत्त्याच्या बुंध्यात घालतात. जुन्या पीव्हीसी पाइपांत शिशाची संयुगं मिसळलेली असायची. शिसं जळून नाहीसं होत नाही, बरंचसं राखेतच राहतं. तेव्हा बंबाला शेणी, करवंट्या, चिपाडं घाला, पाइपचे तुकडे भंगारवाल्याला द्या. आणि आधीच जाळले असतील तर ती राख भांड्यांना लावू नका, झाडांना घालू नका, पोरांच्या हाताला लागू देऊ नका.