चाकाचे नट: पान्यावर उभं राहू नका

बेळगाव-खानापूरकडच्या ग्रुपांवर सल्ला फिरतोय: चोर्ला घाट उतरण्याआधी चाकाच्या नटांना ऑइल लावा आणि पान्यावर उभं राहून आवळा. हे साफ चूक आहे, कृपया पुढे पाठवू नका. ६० किलोचा माणूस ३० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर उभा राहिला की सुमारे १७५ न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) जोर पडतो. बऱ्याच छोट्या गाड्यांना १०० च्या आसपास पुरतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. ऑइलमुळे घर्षण घटतं, मग तेवढ्याच जोरात स्टड (नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा) जास्त ताणला जातो, तुटूही शकतो. आटे स्वच्छ, कोरडेच हवेत. जॅकवर असताना हलकेच बसवा, चाक टेकवून समोरासमोरचे नट आळीपाळीनं आवळा. मग बेळगाव ते निपाणी एवढं अंतर गाडी चालली की पुन्हा एकदा तपासा.