रक्त पातळ करणारी गोळी आणि तिच्या शेजारची दुसरी गोळी

घरात कुणाला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर कृपया हे वाचा.

वॉरफेरिन, अ‍ॅपिक्सॅबन, रिव्हरॉक्सॅबन, क्लोपिडोग्रेल, रोजची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन. ही औषधं जीव वाचवतात, त्याबद्दल वादच नाही. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. हृदयाचे डॉक्टर एक चिठ्ठी देतात, हाडांचे दुसरी, दातांचे तिसरी. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असते. पण तिन्ही शेजारी ठेवून वाचतं कोण? बहुतेक वेळा कुणीच नाही.

गुडघेदुखीचंच बघा. डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतलं की जठराच्या आतल्या अस्तराचं संरक्षण कमी होतं आणि प्लेटलेट्सचं, म्हणजे रक्ताची गुठळी धरायला मदत करणाऱ्या पेशींचं, कामही मंदावतं. तिथे बारीकशी जखम झाली आणि गुठळी धरू न देणारी गोळी आधीच पोटात असेल, तर ती जखम वाहतच राहते. दुखण्याच्या गोळीकडे आपण औषध म्हणून बघतच नाही, त्यामुळे डॉक्टरांनी विचारलं तरी तिचं नाव सांगायचं राहून जातं.

वॉरफेरिनचं प्रकरण अजून नाजूक. बहुतेक रुग्णांचा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो हे सांगणारा रक्ततपासणीतला आकडा, २ ते ३ मध्ये ठेवायचा असतो. मेट्रोनिडॅझोल आणि को-ट्रायमोक्सॅझोल ही अँटिबायोटिक्स आणि बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल ही औषधं यकृतात वॉरफेरिनची विल्हेवाट लावणारं एन्झाइम अडवतात. डोस तोच, गोळी तीच, तरी थोड्याच दिवसांत आयएनआर चढतो. तोंडातल्या बुरशीवर लावायचं मायकोनॅझोलचं जेलसुद्धा हेच करतं! हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरचं अमिओडॅरोन तर बंद केल्यावरही कित्येक आठवडे परिणाम दाखवत राहतं. म्हणून वॉरफेरिनवर असताना अँटिबायोटिक सुरू झालं की आयएनआर पुन्हा कधी तपासायचा, हे तिथेच विचारून घ्या.

नैराश्यावरच्या सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्रॅमसारख्या गोळ्यांचा इथे संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही. त्या प्लेटलेट्समधलं सेरोटोनिन कमी करतात, आणि जोडीला दुखण्याची गोळी असेल तर जठरातल्या रक्तस्रावाचा धोका वाढतो. या गोळ्या लपवू नका. लाज वाटते म्हणून न सांगितलेली गोळी महागात पडू शकते.

कधी कधी दोन-तीन गोळ्या एकत्र द्याव्याच लागतात, उदाहरणार्थ हृदयाचे ठोके अनियमित आहेत आणि स्टेंटही बसवलाय. रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना स्टेंट बसवलेल्या रुग्णांवरचा वोएस्ट नावाचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉरफेरिनसारखी गोळी, क्लोपिडोग्रेल आणि अ‍ॅस्पिरिन अशी तिन्ही औषधं घेणाऱ्यांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक जणांना वर्षभरात लहानमोठा रक्तस्राव झाला. अ‍ॅस्पिरिन वगळलेल्यांमध्ये हे प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास होतं, आणि त्यांच्यात गुठळ्यांचा त्रासही वाढलेला दिसला नाही. माझं ठाम मत आहे की अशा प्रत्येक गोळीपुढे ती कशासाठी आहे आणि कधी थांबवायची हे लिहिलेलं असलंच पाहिजे. सुरू केल्याची तारीख असते, बंद करायची नसते, आणि सहा महिन्यांसाठी दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते. हे लिहून घेण्याची जबाबदारी एकट्या रुग्णावर टाकणं मला मान्य नाही. पण लिहिलेलं नसेल तर विचारा, पुन्हा पुन्हा विचारा.

एक मात्र हात जोडून सांगते: हे वाचून घाबरून स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. स्टेंटमध्ये गुठळी होणं किंवा पक्षाघाताचा झटका येणं हा धोका तितकाच खरा आहे. पोट जपणारी गोळी जोडता येते, दुखण्यावर दुसरा उपाय निघतो, डोस बदलता येतो. ते डॉक्टरांना ठरवू द्या.

डांबरासारखी काळी शौच, लघवीत रक्त, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, कारण नसताना उठणारे काळेनिळे डाग, न थांबणारा घोळणा: यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका. डोक्याला मार लागला असेल तर वरून काही दिसत नसलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा. वॉरफेरिनसाठी व्हिटॅमिन के, डॅबिगाट्रान या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळीसाठी इडॅरुसिझुमॅब असे वेगवेगळे उतारे आहेत. म्हणून तिथे पोहोचल्यावर सगळ्यात आधी गोळीचं नाव आणि शेवटचा डोस किती वाजता घेतला ते सांगा.