गिझरने लावलेला चुना

गिझर उन्हाळ्यात बिघडत नाही. तेव्हा त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, म्हणून बिघडण्यात त्याला गंमत वाटत नसावी. कडाक्याची थंडी पडली आणि अंगाला साबण लागला, की मग तो मन मोकळं करतो.

त्याआधी महिनाभर तो तडतडून सूचना देत असतो, आपण ऐकत नाही. जड पाणी तापलं की त्यातला कॅल्शियम कार्बोनेट वेगळा होऊन पाणी तापवणाऱ्या एलिमेंटवर बसतो. म्हणजे गिझर आपल्याला अक्षरशः चुना लावतो. त्या थराखाली पाणी अडकतं, त्याची वाफ होते, ती सुटताना तडतड. थर जाड झाला की उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि एलिमेंट स्वतःच्याच रागाने जळतं. तापमान ठरवणारा थर्मोस्टॅट ७५ अंशांवर ठेवून बादलीत गार पाणी मिसळणाऱ्यांकडे चुना जास्त. ६० पुरे.

साफ करायचं तर आधी एमसीबी (वीजबोर्डातला खटका) पाडा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. पाणी गार होऊ द्या, आत येणाऱ्या पाण्याचा कॉक बंद करा, गरम पाण्याचा नळ उघडा आणि टाकी रिकामी करा. वायरी सोडवण्याआधी फोटो काढा. ‘लक्षात राहील’ हे वाक्य मी वायरींच्या बाबतीत थापेतच जमा करतो. फ्लँजचे (एलिमेंट धरून ठेवणाऱ्या झाकणाचे) नट काढले की एलिमेंट बाहेर येतं, पांढरंफटक. व्हिनेगरमध्ये बुडवलं की फसफसतं. उरलेलं लाकडी पट्टीने खरवडा. स्क्रूड्रायव्हरने आवरणाला ओरखडे पडतात. शेजारचा मॅग्नेशियमचा रॉड टाकीच्या वाटणीचा गंज स्वतः खातो. घरात एवढं त्यागी दुसरं कोणी नसेल. आतली तार दिसू लागली की त्याला निवृत्त करा. फ्लँजखालची रबरी चकती, म्हणजे गॅस्केट, मात्र नवीच हवी. जुनी ‘चालेल’ म्हणून बसवली की ती गळतेच, तेही रात्री.

सगळं जोडलं की हात आपोआप बटणाकडे जातो. आवरा त्याला! आधी कॉक उघडा आणि नळाची फुसफुस संपून सलग धार लागेपर्यंत थांबा. कोरड्या टाकीत नवंकोरं एलिमेंटही बघता बघता जातं.

पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थेंब पडले, तर पान्हा घेऊन धावू नका. १५ लिटर पाणी २० अंशांवरून ६० वर गेलं की जवळजवळ पाव लिटरने फुगतं. ते जाणार कुठे? तिथे बूच मारणारे हौशी कारागीर मला गिझरपेक्षा लवकर तापवतात. थेंबांखाली एक मग ठेवा.