गादी नाय, टॉवेल नाय, तरी फुल्ल

जानेवारीतल्या एका सकाळी सात वाजून एकोणसाठ मिनिटांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन लॅपटॉप, तीन फोन आणि एक थंड होत चाललेला चहा होता. बायको सेकंद मोजत होती. मी तर्जनी बटणावर टेकवून बसलो होतो. तत्काळचं तिकीट काढताना दहाच्या ठोक्याला बसायचो ना, अगदी तसा. पण हे कोकणकन्येचं तिकीट नव्हतं. वाळूजवळच्या एका मोकळ्या जागेत दोन रात्री झोपायची परवानगी आम्ही मागत होतो.

कॅलिफोर्नियात राज्य सरकारचे समुद्रकिनारे असतात, त्यांना स्टेट बीच म्हणतात. त्यातल्या काहींवर तंबू ठोकून राहता येतं. त्यासाठी बरोबर सहा महिने आधी, सकाळी आठच्या ठोक्याला बुकिंग उघडतं आणि चांगल्या जागांसाठी ते आठ वाजून एक मिनिटानं मिटल्यातच जमा असतं. जुलैत आई-बाबा देवबागहून येणार होते. विमानतळावर त्यांना सहसा सहा महिने राहायची मुभा मिळते. म्हणजे ते उतरल्या दिवशी आम्ही बुकिंग केलं असतं, तर तंबूत झोपायच्या दिवशी त्यांना परतीच्या विमानात बसायला लागलं असतं. म्हणून ही जानेवारीतली धावपळ. शिवाय बायकोची अट होती, तारीख श्रावणाच्या आत हवी. कारण पुढे येईलच.

मिळाली. सांता क्रूझजवळच्या कॅपिटोला गावाला लागून असलेल्या न्यू ब्रायटन स्टेट बीचवर, स्वच्छतागृहाशेजारची जागा.

आता आई-बाबांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. देवबाग म्हणजे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे आमचं घर. घरात त्यांचं दोन खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. पुण्या-मुंबईची माणसं पैसे मोजून आमच्या पडवीत बसतात आणि 'किती शांत आहे हो इथे' असं मोठ्यानं ओरडून एकमेकांना सांगतात. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात, समुद्र खवळलेला असतो, मासेमारी बंद असते. म्हणून आई-बाबा नेमके तेव्हाच अमेरिकेत येतात. थोडक्यात, बाबा आमच्याकडे सुट्टीवर आलेले नसतात. धंद्यातला माणूस दुसऱ्याचा धंदा बघायला आलेला असतो.

"समुद्रार जावक नंबर लावूचो लागता?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"हो बाबा. सहा महिने आधी."

"जेवण?"

"आपलं आपण करायचं."

"गादी? टॉवेल?"

"आपलेच."

"मगे ते देतत तरी काय?"

"जागा. एक टेबल. आग पेटवायला एक लोखंडी कडं."

बाबा बराच वेळ गप्प होते. मग आईकडे वळून म्हणाले, "आमचाच चुकला."

सॅन होजेहून निघालो तेव्हा पारा चौतीसवर होता. हायवे १७ च्या वळणांवर अर्ध्या बे एरियाबरोबर, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या शहरांतल्या अर्ध्या लोकांबरोबर, रांगेत उभे राहिलो. डोंगर उतरून समुद्राच्या बाजूला आलो आणि गाडीच्या काचांवर धुकं बसलं. पारा सोळा. अर्ध्या बाह्यांचे शर्ट घातलेले आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघायला लागलो. अकरा वर्षांच्या चिरंजीवांनी मागच्या सीटवरून शाळेतलं शास्त्र ऐकवलं. आतल्या खोऱ्यातली हवा तापून वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत ओढली जाते. आणि इथला समुद्र मुळातच गार, कारण वाऱ्यामुळे वरचं पाणी बाजूला सरतं आणि खोलातलं थंड पाणी वर येतं. म्हणून आत जितका उन्हाळा कडक, तितकं किनाऱ्यावर धुकं दाट. आईला त्यातलं एवढंच पटलं की आपण उन्हातून थंडीत पैसे देऊन आलो.

तंबूच्या खोक्यावर 'सहा माणसांसाठी' असं लिहिलं होतं. ही सहा माणसं कंपनीनं कुठून आणली असतील, कोण जाणे. टोपलीत बांगडे लावतात तशी, एकाचं डोकं दुसऱ्याच्या पायाशी, अशी लावली तर मावतील. चार काठ्या, चौदा खुंट्या आणि एक सूचनापत्र, ज्यातल्या चित्रात एक हसरा माणूस एकट्यानं तंबू उभा करत होता. मी आणि बायकोनं काठ्या आत सरकवल्या. तंबू उभा राहिला, दोन सेकंद आमच्याकडे बघून विचार केला आणि नमस्कार घालावा तसा पुढे आडवा झाला. शेजारच्या जागेवरचं वृद्ध जोडपं घडीच्या खुर्च्यांवर बसून हे बघत होतं. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवला. बाबांनीही हात हलवला. मग ते उठले, होडी ओढून बांधतात तशी दोरीची गाठ मारली, एक खुंटी तिरकी ठोकली आणि काही न बोलता परत टेबलाशी जाऊन बसले. तंबू दोन दिवस हलला नाही.

तंबू लावल्यावर लक्षात आलं की समुद्र कुठे दिसतच नाहीये. इथली छावणी उंच कड्यावर, पाइनच्या झाडांत आहे. समुद्र खाली. पायऱ्या उतरून गेलो. आईनं साडी किंचित वर धरून, देवबागच्या सवयीनं, सरळ लाटेत पाऊल घातलं आणि उकळत्या तेलात पडल्यासारखं मागे ओढलं.

"ह्यो समुद्र फ्रिजात ठेवलेलो काय रे?"

पाणी तेरा-चौदा अंशांचं असावं. त्यात गोरी मुलं उघड्या अंगानं डुंबत होती. आई त्यांच्या आयांना शोधत होती.

परत येताना वाटेच्या कडेला एक तकतकीत, त्रिदळी पानांचं झुडूप दिसलं. श्रावण तोंडावर आलेला. "हंय बेल आसा बघ," म्हणत आईनं हात पुढे केला आणि मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातावर चापट मारली. ते पॉइझन ओक. इथलं प्रत्येक शाळकरी पोर तीन पानं दिसली की लांब राहायला शिकतं, कारण हात लागला तर दोन-दोन आठवडे खाज आणि फोड. शंकराला वाहिलं असतं तर त्यानं तिसराच डोळा उघडला असता. आई संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. खाजेमुळे नाही, चापटीमुळे.

बोलली ती चुलीपाशी. लाकडं घरून आणायची नाहीत, कारण लाकडातून झाडांचे किडे एका भागातून दुसऱ्या भागात जातात. खाली पडलेल्या काटक्या उचलायच्या नाहीत, कारण त्या जंगलाच्या. लाकडं विकत घ्यायची, छावणीतल्या स्वयंसेवकाकडून. मी मोळी आणली आणि अर्धा तास फुंकत बसलो. धूर जिथे मी बसेन तिथे. उठून पलीकडे गेलो की धूर उठून पलीकडे. वर्तमानपत्र संपलं, मग चिरंजीवांची चित्रकलेची वही संपली. शेवटी आईच्यानं बघवेना.

"सोडण असता तर चूल कधीच पेटली असती," ती म्हणाली आणि मला बाजूला सारलं. नारळाच्या सोडणाशिवायही तिनं पाच मिनिटांत जाळ केला. लाकडं आडवी न टाकता उभी टेकवली, खाली हवेला वाट ठेवली, फुंकर एकच मारली. "आमका चुलीपासून सुटूक वर्सां लागली. आणि तुमी पैशे देवन धूर खातास," असं म्हणताना तिचा चेहरा जाळाच्या उजेडात चांगलाच खूष दिसत होता.

आणि मग तिनं पिशवीतून सुके बोंबील काढले. कस्टम्सवाल्याला रीतसर सांगून आणलेले. श्रावणाच्या आत यायचं ते यासाठी. निखाऱ्यावर बोंबील पडले आणि तो वास धुक्यात मिसळून कड्यावरच्या प्रत्येक तंबूत जाऊन बसला. शेजारचे आजोबा उठून आले. मला वाटलं, तक्रार. त्यांनी विचारलं, हे काय आहे आणि मिळेल का. आईनं कांदा-लिंबाबरोबर कागदाच्या थाळीत वाढलं. त्यांनी दोन खाल्ले. आजी मात्र खुर्ची उचलून वाऱ्याच्या उलट्या बाजूला जाऊन बसल्या.

दहा वाजले. छावणीत रात्री दहा ते सकाळी सहा शांतता पाळायची असते. बाबांना हा नियम फार आवडला, त्यांनी तो दोनदा वाचून घेतला. खाण्याचं सगळं लोखंडी पेटीत बंद करायचं असतं, तेही केलं. म्हणजे उरलेल्या बोंबलांची पुडी सोडून. ती माझ्या जाकिटाच्या खिशात होती आणि जाकीट तंबूच्या दाराशी.

हवेच्या गादीतली हवा बारापर्यंत गेली. एकपर्यंत थंडी जमिनीतून पाठीत आली. तंबूच्या छतावर दव जमून थेंब थेंब बरोबर माझ्या कपाळावर पडत होतं. दोनच्या सुमारास दाराची चेन आपोआप सरकायला लागली. हळू, एकेक दात मोजत. मी बॅटरी लावली. एक रॅकून मागच्या पायांवर बसला होता. डोळ्यांभोवती काळी पट्टी, हाताची बोटं अगदी माणसासारखी. त्यानं पुडी सोडली होती, एक बोंबील दोन्ही हातांत आडवा धरला होता आणि आलेलं पत्र वाचावं तसा तो निरखत होता. उजेडाची त्यानं दखल घेतली नाही. बाबा कानटोपी सरळ करत उठून बसले, त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पावणो इलो." त्यानं चार बोंबील खाल्ले. पाचवा बरोबर नेला.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यानं चालत सीक्लिफला गेलो, सिमेंटची बोट बघायला. पहिल्या महायुद्धात पोलादाचा तुटवडा होता म्हणून काँक्रीटची तेलवाहू जहाजं बांधायला घेतली, त्यातलं हे एक, एसएस पालो आल्टो. १९१९ मध्ये पाण्यात उतरलं, तोवर युद्ध संपलेलं. पुढे एका करमणूक कंपनीनं ते विकत घेतलं, १९३० मध्ये इथे आणून टेकवलं, त्यावर नाचघर आणि पोहण्याचा तलाव काढला. महामंदी आली आणि दोन सीझनमध्ये सगळं बंद. आता ते तुकडे होऊन पडलंय आणि त्यावर पक्षी बसतात.

बाबा कमरेवर हात ठेवून बघत राहिले. "आमचो सिंधुदुर्ग किल्लो १६६४ पासून पाण्यात उभो आसा," ते म्हणाले. मग आवाजात धंदेवाल्याची खरी सहानुभूती आली. "दोन सीझन. म्हंजे लायटीचा बिलसुदा सुटला नसतला."

रविवारी बाराला जागा सोडली. वरचं धुकं बरोबर सव्वाबाराला गेलं.

ऑक्टोबरमध्ये आई-बाबा परत गेले, तेव्हा तेवीस किलोच्या एका बॅगेत आमचा तंबू होता. मी विचारलं नाही. डिसेंबरात फोटो आला. माडांच्या मधे, नारळ पडणार नाही अशी जागा बघून ठोकलेला तो सहा माणसांचा तंबू आणि समोर गेरूनं रंगवलेला दगडांचा गोल. नाताळात पुण्याहून चार मुलं आली. भाडं खोलीपेक्षा जास्त लावलं होतं, मुलांनी हसत दिलं.

"रात्री अकराक फोन केलो त्येनी," बाबा सांगत होते. "काका, गादी मिळेल का."

"मग? दिलीत?"

"धा ते सा शांतता आसता म्हणान सांगितलंय."

मागून आईचा आवाज आला, की त्यानंतर ती दोन गाद्या आणि चार चादरी डोक्यावरून घेऊन गेली. बाबांनी फोन कानापासून दूर धरला.